‘छात्र-दुंदुभी’ला वाचक पाहिजेत

१ डिसेंबर १९३६, नाशिक
ठरले. विद्यार्थ्यांसाठी ‘छात्र-दुंदुभी’ नावाचे मासिक काढायचे. संपादक मी. लोक आधी अंक काढतात आणि मग वाचक शोधत बोंबलत फिरतात. मी आधी वाचक शोधणार. विलायतेत याला मार्केट रिसर्च म्हणतात. आमच्या प्रोफेसरांना हा शब्द माहीत नाही. मुद्दाम विचारून खात्री केली.

३ डिसेंबर
कळवणहून दादांचे, म्हणजे थोरल्या भावाचे, पत्र. इंटरला तिसऱ्यांदा बसतोयस. शिमग्याला मी येतो, तोवर पास होण्याची आशा तरी दाखव नाहीतर ते मासिक तरी दाखव. दोन्ही नसेल तर दुकानात तागडी धरायला चल. सोबत परीक्षेची फी.
माझ्या हाताला तागडी! अंक दाखवीन आणि दादांना खाली मान घालायला लावीन. उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

४ डिसेंबर, सकाळी नऊ
उठलो. थंडी भयंकर. पाचला उठतो तो गवळी. संपादक नव्हे.

७ डिसेंबर
मार्केटच्या हद्दी आखल्या. नाशिक, देवळाली, मनमाड घेतले. कळवण वगळले. तिथे पंचांगसुद्धा लोक दुसऱ्याकडून वाचून घेतात.
माझ्या खोलीत गोरक्ष म्हणून पेठकडचा एक मुलगा राहतो. पहिल्या वर्षाला आहे. मुखदुर्बळ आणि बराचसा ढ. म्हणाला, मलापण विचारा की, मी लय वाचतो. नाही विचारले. ढ माणसाच्या मताने निष्कर्ष नासतो. पण पिशवी धरायला बरोबर नेणार आहे. तेवढेच त्याला वळण लागेल.

९ डिसेंबर
कॉलेजच्या फाटकात उभा राहून मते विचारली. सगळ्यांना घाई. एकाने उलट मलाच विचारले, तुमची ही कितवी इंटर? प्रश्न विषयाला सोडून असल्यामुळे उत्तर दिले नाही.
स्त्री-वाचकांचाही कल घेतला. मुलींच्या खोलीच्या दारातून एक बाई म्हणाल्या, पुन्हा इकडे फिरकलात तर प्रिन्सिपॉलसाहेबांना सांगेन. उदासीनता नाही. भावना तीव्र आहेत.

१२ डिसेंबर
नवी पद्धत. रविवार कारंजाजवळ इब्राहिमभाईंच्या हॉटेलात टेबल धरायचे. जो मत देईल त्याला चहा. फी भरायला अजून अवकाश आहे, तेव्हा ते पैसे तूर्त भांडवल.
प्रतिसाद अभूतपूर्व. बसायला जागा नव्हती.

२० डिसेंबर
लोकमत असे. चहाबरोबर: मासिक अवश्य हवे. चहा आणि भज्यांबरोबर: असे मासिक महाराष्ट्रात झाले नाही. दोन प्लेट भज्यांनंतर एकजण रडलाच. म्हणाला, इतके दिवस कुठे होतात?
इब्राहिमभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, संपादकसाब, तो लाल मफलरवाला काल पण आला होता ना, नाव दुसरं सांगितलं होतं. बिचारे धंदेवाले. त्यांना पुनरावृत्तीचे शास्त्र काय कळणार? एकाच माणसाने दोन नावांनी तेच मत दिले म्हणजे मत पक्के.
गोरक्ष कोपऱ्यात बसून उपरण्यात तोंड खुपसतो. खोकला दिसतो. त्याला म्हटले, औषध घे, लोकांना किळस येते.

८ जानेवारी १९३७
एका भावी वर्गणीदाराने विचारले, चहा दर अंकाबरोबर मिळणार की फक्त दिवाळी अंकाबरोबर? असे बारकाईने विचार करणारे वाचक भाग्यानेच लाभतात.

२ फेब्रुवारी
फी भरायची मुदत काल संपली म्हणे. बरेच झाले. मन एका जागी राहील.
संशोधनाचा मुख्य निष्कर्ष निघाला: विद्यार्थ्यांना उपदेश नको, निसर्गवर्णन नको. त्यांना आपल्यातल्याच एखाद्या महामूर्खाचे चरित्र हवे, दर महिन्याला, क्रमशः. हे मी सर्वांसमक्ष जाहीर केले. टाळ्यांचा कडकडाट. अडचण एवढीच की असा मूर्ख आणायचा कुठून?

२० फेब्रुवारी
घात! कॉलेजच्या वाचनालयात ‘चिवडा’ नावाचे हस्तलिखित मासिक कुणीतरी आणून ठेवले. एकच प्रत, पण तिच्याभोवती ही गर्दी. माझा निष्कर्ष चोरून ‘संपादकांची स्वारी’ नावाचे मूर्खाचे चरित्र चालू केले आहे. मासिक काढायचे म्हणून तो गावभर चहा पाजत हिंडतो.
कल्पना चोरीची, पण नायक बहारीचा उतरला आहे. मी पोट धरून हसलो. मी हसलो तसे सगळेच माझ्याकडे बघून दुप्पट हसू लागले. माझ्या हसण्यात ही शक्ती आहे, हे आजच कळले.

५ मार्च
लेखकाला फोडून माझ्याकडे घ्यायचे ठरवले. लेखक निघाला गोरक्ष! काल मी त्याला ढ म्हणालो नव्हतो, हे किती बरे झाले. (परवा म्हणालो होतो.) त्याला सहसंपादकपद देऊ केले. तो पायाकडे बघत म्हणाला, नको. तुम्ही आहात तसेच राहा, बाकीचं मी बघतो. किती निष्ठा!
या अंकात नायकाला माझ्यासारखी तपकिरी टोपी दिली आहे. फॅशन पसरते आहे.

२६ मार्च, होळी
हे लिहू नये असे वाटते.
दादा आले. मी खोलीवर नव्हतो, म्हणून इब्राहिमभाईंच्या हॉटेलात वाट पाहत बसले. तिथे पोरे ‘चिवडा’ मोठ्याने वाचत होती. दादा कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हते. दादाही हसू लागले. मी दाराशी पोचलो तेव्हा ते डोळे पुसत होते. आईच्या मागे मी त्यांना असे हसताना पाहिलेले नाही. मलाही आनंद झाला. त्यांनी लाल मफलरवाल्याला विचारले, खरंच असा कुणी हाय का रे? तो म्हणाला, हा काय, दारातच उभा आहे.
दादांचे हसू एकदम गेले. हॉटेलातली पोरे मात्र हसत राहिली. दादांनी आपल्या चहाचे पैसे ठेवले आणि म्हणाले, लय झालं. बिस्तरा बांध.
रस्त्याने ते पुढे, मी मागे. ती सगळी मत्सरी मंडळी आहेत, हे मी त्यांना चारदा सांगितले.

२८ मार्च, मोटार स्टँड
अर्धे कॉलेज पोचवायला आले! लाल मफलरवाल्याने दादांचे पाय धरले. निदान दिवाळीपर्यंत तरी ह्यांना ठेवा हो. गोरक्षचे डोळे भरले होते. म्हणाला, तुमच्याशिवाय मी काय लिहू? कुठल्या संपादकाला वाचकांनी इतके प्रेम दिले असेल? दादा म्हणाले, तुम्हाला भाऊ नाही का रे कुणाला?

११ जुलै, कळवण
गोणीवर बसून लिहितो आहे.
शाळेतले मास्तर गूळ घ्यायला आले. बगलेत ‘चिवडा’. आता छापून निघतो. संपादक गोरक्ष. मास्तर वर्गणीदार आहेत. म्हणजे कळवणात वाचक होता.
त्यांनी वाचायला दिला. पहिल्याच पानावर निवेदन: आमचे जुने नायक गावी गेल्यामुळे वाचकांची गैरसोय होईल अशी भीती होती. परंतु दैनिक काढू इच्छिणारे दुसरे एक गृहस्थ कॉलेजात दाखल झाले आहेत. जुने बरे होते. हे अस्सल आहेत.
दैनिक! आधी मासिक तरी काढून दाखवा म्हणावे.
मास्तर हसून हसून बेजार. म्हणाले, असा माणूस असतो का हो खरंच? मी म्हटले, असतो. याच्या आधीचा याहून चांगला होता. मास्तर म्हणाले, निवेदनातले ते जुने कोण होते हो? माझी वर्गणी तर जूनपासूनची, असेही म्हणाले.
सांगणार होतो. तेवढ्यात दादांनी आतून हाक मारली. मी गूळ तोलून दिला.