साखर-चरबीची खुंटी आणि माझा निळा शर्ट

३ मार्च
कामावरच्या नाबिर्ये मॅडमनी रोज लिहायला वही देऊन तीन आठवडे झाले. आज पहिलं पान. आळस नव्हे. आधी बोटीवर जायचा विचार होता, मग भाड्याची मोटरसायकल चालवायचा. आता त्सेत्से माश्यांचे सापळे तपासणं, हेच करिअर. निळं कापड, खाली बाटलीत गाईचं शिळं मूत. त्या वासाला माश्या येतात. मला ओकारी येते.
उरलेल्या कापडाचा इगांगा शहरातल्या शिंप्याकडून शर्ट शिवून घेतला. झकास!

९ मार्च
या माश्या चावून निद्रारोग पसरवतात. नाबिर्ये मॅडमनी त्याचा जंतू समजावला. अंगभर कोट, तो लाखो खुंट्यांवर अडकवलेला. खुंटीचं एक टोक साखरेचं, दुसरं चरबीचं, ते त्याच्या कातडीत रुतलेलं. आपलं रक्त कोट ओळखेपर्यंत हा दुसरा चढवतो. नीच! माझा शर्ट सहा दिवस तोच आहे.
माश्या मलाच का चावतात? दंडावर गळू. शी.

१७ मार्च, दुपार
ताप. उन्हाचा. मॅडम म्हणाल्या, निळा रंग माशीला लांबून दिसतो, म्हणून तर सापळे निळे. गाढवा, शर्ट काढ आणि रक्त तपासून घे. म्हटलं, उद्या. सुईची किळस येते.
तोड सापडली. साखर, चरबी दोन्ही बंद! खुंटीच नाही, तर कोट कुठे अडकवणार?

१८ मार्च
सकाळी बिनसाखरेचा चहा. सापळ्यातली बाटली आठवली. संध्याकाळी चार चमचे. केळ्याच्या मटोकेवर शेंगदाण्याचा रस्सा. शेंगदाणा म्हणजे चरबी नव्हे, शेंग.

२६ मार्च
सात नंबरच्या सापळ्याखाली झोप लागली. दुपारची झोप आरोग्याला बरी. जोडीदार ककायरे म्हणाला, बाटलीतल्या मेलेल्या माश्या तुझ्यापेक्षा जाग्या. जळतो मेला.
मॅडमना उपवासाचा शोध सांगितला. हसल्या नाहीत. म्हणाल्या, खुंटी तो तुझ्याच रक्तातला माल उचलून घडवतो. तू उपाशी मेलास तरी त्याचा कोट इस्त्रीचा. औषध आहे, पण जंतू मेंदूत शिरायच्या आत घ्यायला हवं. घरी कोण असतं, हेही विचारलं. आत्या, कामुली गावाला, म्हटलं. नसत्या चौकशा.

एप्रिल. तारीख ककायरेला विचारायची
सुई उद्या नक्की. शर्ट आजच काढणार होतो. बटणं सापडेनात.
दाराशी कोणीतरी. मॅडम असणार, म्हणून डोळे मिटून घेतले. पण हाक घरच्या नावाची. आत्या! दोन गाड्या बदलून! बगलेत झाडाच्या सालीच्या कापडाची घडी, मयताला गुंडाळतात ती. आत्या गाव सोडते ती मयतालाच.
कोण गेलं, विचारायला हवं.