माझी सृष्टी कुठली?

४ जुलै

नवऱ्याच्या लेकीने आज अख्ख्या घराची वर्गवारी लावली! शाळेत सजीवांच्या पाच सृष्टी शिकवल्यात. सासूबाई वनस्पती — "आजी उन्हातून हलतच नाही." बोका प्राणी. तिचे बाबा बुरशी, कारण जुन्या वर्तमानपत्रांवर जगतात! हा पेपरामागून म्हणाला, "असू दे, बुरशीला निदान कुणी बाजारात पाठवत नाही."

मी हळूच विचारलं, "आणि मी?"

"तुमचं अजून ठरलं नाही."

लग्न होऊन चार महिने झाले. ती मला ना मावशी म्हणते, ना काकू. पण "अजून" म्हणाली! म्हणजे विचार तरी चाललाय. दिवसभर पाय जमिनीवर नव्हते.

५ जुलै

वशिला लावून पाहिला. "मी प्राणीच की! हलते, खाते —"

"बाबा पण खातात."



८ जुलै

घात! तिच्या कपाटामागे एक डबा सापडला, आत हिरवाकाळा पाव. मी ईऽऽ करत फेकला, डबा घासून लख्ख केला. शाळेत न्यायची बुरशी होती ती! पोरगी रडली नाही, ओरडली नाही. नुसतं "ठीक आहे." त्यापेक्षा भांडली असती तर! सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, आम्हाला तरी घासू नकोस हो."

९ जुलै

ओला पाव डब्यात घालून चपलांच्या कपाटात लपवलाय. या वयात चोरून बुरशी पाळतेय मी!

१३ जुलै

आली! आली! आधी पांढरी लव, आता हिरवे ठिपके. त्या आनंदात कामावर, चष्म्याच्या दुकानात, दोन गिऱ्हाइकांना एकमेकांचे चष्मे देऊन बसले. दोघंही "वा, छान!" म्हणत निघाली होती — धावत जाऊन परत आणलं.

संध्याकाळी डबा तिच्या टेबलावर ठेवला. तिने झाकण उघडलं. आत वाकून पाहिलं.

"माझ्या बुरशीपेक्षा दाट आलीय," म्हणाली. आणि झाकण इतकं अलगद लावलं!

१४ जुलै

ठरलं. मी प्रोटिस्टा.

"म्हणजे काय गं?"

"जे धड प्राणी नाहीत, वनस्पती नाहीत, बुरशीही नाहीत, त्यांना तिथे ढकलतात."

माझं तोंड उतरलं असणार.

"नाराज काय होतेस? मी पण तिथेच आहे. आत्तापर्यंत एकटीच होते."