पेन खाली ठेवायचं राहिलं

१९ जुलै, जळगाव
स्टुडिओतून आत्ता घरी आलो. डोकं तापलंय. बुधवारी आमदारसाहेबांची मुलाखत घ्यायचीय, तर त्यांच्या पीएचा फोन. "सर, पाच प्रश्न लिहून पाठवा. साहेब तयारी करून येतात."
म्हणजे पेपर आदल्या आठवड्यात घरपोच. चॅनलच्या मालकांना सांगितलं, हे बरोबर नाही. म्हणाले, "पाठवून टाका हो, सगळेच पाठवतात." सगळेच पाठवतात म्हणूनच तर हल्ली टीव्हीवरची मुलाखत बघवत नाही. एक विचारल्यासारखं करतो, दुसरा सांगितल्यासारखं. मुंबईवाले तसलेच आणि आम्ही गल्लीतलेही.
पाठवले. लहानपण, क्रीडासंकुल, केळी, विरोधक, आवडता पदार्थ. लाज वाटली. तरी पाठवले.

२० जुलै
धुळ्याला केबलवर होतो तेव्हाची आठवण. पुढाऱ्यानं टोलवाटोलवी केली की मी पेन टेबलावर ठेवायचो आणि तोच प्रश्न त्याच शब्दांत परत. उत्तर आल्याशिवाय पेन उचलायचं नाही. एका नगरसेवकाला चारदा विचारलं, पाचव्यांदा कबूल झाला. दुसऱ्या दिवशी पानटपरीवर, "सरनी पेन ठेवं म्हंजे गडी गया."
हल्ली पेन लागतच नाही. छापील कार्ड देतात.

२१ जुलै
चोपड्याकडून अक्काचा फोन. गावच्या नाल्यावरची फरशी, म्हणजे तो ठेंगणा पूल, वाहून गेली त्याला महिना झाला. एसटी येत नाही. तिची नात वैष्णवी यंदा दहावीला. ती आणि आणखी सहा पोरी शाळा सोडून घरात. पोरं मोटरसायकलवर लांबच्या फेऱ्यानं जातात, पोरींना कोण पाठवतंय.
"तू त्यास्ले इचार, फरशी कवय व्हई. पोरगी घरमा बठेल शे."
आमदारांना विचारतो, फरशी कधी होणार, असा शब्द दिला. मोठ्या बहिणीला नाही म्हणता येत नाही, आणि म्हणायचंही नव्हतं.

२३ जुलै
रेकॉर्डिंग झालं. काय लिहू.
पेन खिशात नेलं होतं. पहिला प्रश्न लहानपणाचा, सुरळीत. मग कार्ड बाजूला ठेवून फरशीचं विचारलं. गावाचं नाव घेऊन, सात मुलींचं सांगून.
साहेब हसले. म्हणाले, "क्रीडासंकुल हे माझं स्वप्न आहे."
पाठ केलेलं दुसरं उत्तर. माझा प्रश्न कानावरून गेला, आपला नंबर आला एवढंच त्यांना कळलं. मग मी क्रीडासंकुलाचं विचारलं, तर केळीच्या निर्यातीवर बोलले. केळीचं विचारलं तर, "जनता त्यांना ओळखून आहे." विरोधकांचं विचारलं तर म्हणे शेवभाजी आणि कळण्याची भाकरी, आईच्या हातची. शेवटी आवडता पदार्थ विचारला. उत्तरं संपली होती. साहेबांनी हात जोडले.
वाटलं, कोणीतरी थांबवेल. कॅमेरावाला घड्याळ बघत होता. पीए मोबाईलमध्ये. मालक काचेपलीकडून अंगठा दाखवत होते.

२४ जुलै
मालकांना सांगितलं, सगळी उत्तरं एकेक घर सरकलीत. म्हणाले, "गोड झालीय मुलाखत. साहेब खूश आहेत." परत बघा म्हटलं. "सर, एवढं कोण बघतं?"
कापाकापीसुद्धा नको म्हणाले. जशीच्या तशी लावणार.

२५ जुलै
लागली. रात्रीपर्यंत मोबाईलवर शेकड्यानं शेरे. साहेब किती साधे. शेवभाजी ऐकून भूक लागली. नमस्कार, नमस्कार, गुलाबाची फुलं. एकानंही विचारलं नाही की विरोधकांच्या प्रश्नात शेवभाजी कुठून आली. दहा वर्षं लोकांना असलंच खाऊ घातलं, आता चव कळेनाशी झाली तर दोष कोणाचा? चॅनलवाल्यांचा, पुढाऱ्यांचा, बघणाऱ्यांचा. सगळ्यांना उभं करून विचारावंसं वाटतं.

२६ जुलै
सकाळी अक्का. पारावर मोबाईल ठेवून सगळ्या गावानं बघितली म्हणे.
"तू इचारं, मी आयकं. बठ्ठा गावनी आयकं. त्यानी दुसरंच सांगं."
म्हटलं, अक्का, तेच तर, हे लोक हल्ली...
"त्यानं जाऊ दे. तू का बरं गप बसना?"
फोन तिनंच ठेवला. खिसा चाचपला. पेन तिथंच होतं, टोपणसुद्धा काढलेलं नाही.

२९ जुलै
दोन दिवस काही लिहिलं नाही. भाकरी गोड लागत नाही. वैष्णवी अजून घरीच.

३१ जुलै
साहेब खूश, म्हणून दुसरा भाग. पुढच्या आठवड्यात, धुळ्याला, सभागृहात लोकांसमोर. पीए म्हणतो, "तसेच छान पाच प्रश्न पाठवा, सर."
पाठवले.
१. फरशी कधी होणार?
२. फरशी कधी होणार?
३, ४, ५ तेच.

१ ऑगस्ट
पीएचा फोन नाही. मालकांचे चार येऊन गेले, घेतले नाहीत. अक्काला कळवलं, मुलाखतीच्या दिवशी वैष्णवीला घेऊन धुळ्याला ये, नाल्यापर्यंत चालत या, पुढं मी गाडी घेऊन थांबतो. म्हणाली, "तिले बोलू देशी ना, का तठेबी गप बठाडशी?"
पेन बदललं. जुन्यातली शाई वाळली होती.