मागची चाकं तापतात

दि. ११ फेब्रुवारी

चि. भाऊजींना वहिनीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुमची आणि मुलांची खुशाली वन्संकडून कळत असते. पत्ताही त्यांच्याकडूनच घेतला, त्यांच्यावर रागावू नका. पाकिटावरचं अक्षर बघून तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, तर पडू देत. फोन तुम्ही उचलत नाही. पण हाती आलेलं पत्र न वाचता फेकून द्यावं, इतके उधळे तुम्ही कधीच नव्हता.

काम गाडीचं आहे. दुसरं काय असणार! तुमच्या भावाची ही लाडकी पिकअप आता एकोणीस वर्षांची झाली आणि या एका वर्षात तिने मला जेवढं छळलं, तेवढं उभ्या जन्मात कोणी छळलं नसेल. आधी सकाळी चालूच होईना. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने नवी बॅटरी बसवली, तरी तेच. या मेकॅनिकला मी ‘होऊन जाईल’ म्हणते, कारण काहीही विचारा, तो हात पुसत म्हणतो, "होऊन जाईल, वहिनी." शेवटी मीच बॉनेट उघडून बघितलं, तर बॅटरीच्या टोकावर पांढरी बुरशी आल्यासारखी भुकटी जमलेली आणि अर्थिंगची वायर हलत होती. गरम पाण्याने धुतलं, नट आवळला, गाडी सुरू. मग इंजिन तापायला लागलं. त्याने रेडिएटर बदलायचा घाट घातला होता. मी म्हटलं, थांब, आधी झाकण बदल. झाकणाचा वायसर चिरलेला निघाला.

म्हणजे मला अगदीच काही कळत नाही असं नाही. पण आता जे झालंय, ते माझ्या आवाक्याबाहेरचं आहे.

मागची चाकं तापतात. तुम्ही सांगायचात, आधी ‘कधी होतं’ ते बघा, मग ‘काय होतं’ ते, म्हणून मी वहीत लिहून ठेवलंय. निघताना गाडी चांगली असते. सात-आठ किलोमीटर गेलं की ओढायला लागते, कोणी मागून धरून ठेवल्यासारखी. ब्रेकचा पाय दगडासारखा कडक होतो. थांबून बघावं तर चाकाला हात लावता येत नाही आणि जळका वास. तासभर उभी केली की आपली शहाण्यासारखी चालायला लागते. ‘होऊन जाईल’ने ब्रेकचे लायनर बदलले, मग चाकातले सिलिंडर बदलले. काही झालं नाही.

गाडीत दुकानाच्या काचा असतात, भाऊजी. मी जास्त लिहीत नाही, तुम्हाला कळेल.

यांना मी लिहिलेलं माहीत नाही. दिव्याची वेळ झाली, थांबते.

सौ. वहिनीचे आशीर्वाद.


दि. २६ फेब्रुवारी

चि. भाऊजींना आशीर्वाद.

तुमचं कार्ड मिळालं. ना मायना, ना ख्यालीखुशाली, नुसते पाच प्रश्न आणि खाली तारीख. डॉक्टरची चिठ्ठी तरी बरी. पण आलं, हेच खूप झालं. देवापुढे ठेवून मग वाचलं.

आता उत्तरं घ्या.

एक. हँडब्रेकची तार अडकलेली नाही. सोडली की सुटते. मी खाली वाकून बघितली. शेजारीण गॅलरीतून विचारत होती, "काय हरवलं हो?" मी म्हटलं, "डोकं हरवलंय, ते शोधतेय."

दोन. दोन्ही मागची चाकं सारखीच तापतात, एकच नाही. पुढची गार.

तीन. ब्रेकच्या पायाला ढिलेपणा मुळीच नाही. पूर्वी दोन बोटं खाली जाऊन मग ब्रेक लागायचा, आता पाय ठेवला की लागलेलाच.

चार. ही परीक्षा मी स्वतः उभं राहून करवली. हे जेवायला घरात गेले होते. गाडी तापून आलेली होती, तेवढ्यात ‘होऊन जाईल’ला बोलावलं. मागून जॅक लावला. चाक फिरेना. तुम्ही लिहिलंत तसा चाकामागचा हवा काढायचा बारका नट अर्धा फेरा सोडायला सांगितला. तो म्हणतो, "वहिनी, त्याने काय होणार?" मी म्हटलं, "होऊन जाईल, तू सोड." चर्रकन चिळकांडी उडाली, माझ्या पदरावर. आणि चाक सुटलं हो! एका बोटाने फिरायला लागलं. ‘होऊन जाईल’ने स्वतः दोनदा फिरवून बघितलं. मग मला विचारतो, "हे कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "सांगणारा होता एक आमच्या घरात."

म्हणजे तुम्ही म्हणता तेच. दोष चाकात नाही, वर पंपात आहे, दाब परत जात नाही. एवढं यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "तुला कसं कळलं?" मी भाकरी फिरवायला लागले.

भाऊजी, वन्सं म्हणाल्या, तुम्ही गोदामात माल मोजता. गॅरेज विकल्यापासून पान्याला हात लावला नाहीत, स्वतःच्या स्कूटरचं काम असलं तरी बाहेर देता. मला खरं वाटलं नाही. ज्याला दोनशे किलोमीटरवर बसून चार ओळींत दोष सापडतो, तो पोती मोजतो! मला इतका संताप आला, की कोणावर काढू ते कळेना. डबे घासले.

यांचं ठीक आहे. अंगठा तसाच, वाकत नाही. काच कापायचा हिरा आता दोन बोटांत धरतात. सवय झाली आहे म्हणतात.

पाचव्या प्रश्नाचं उत्तर आज नाही. पेला रिकामा नव्हता. पुढल्या पत्रात लिहीन.

सौ. वहिनीचे आशीर्वाद.


दि. ९ मार्च

भाऊजी,

तुमचा पाचवा प्रश्न असा होता: ‘ब्रेकच्या डबीतलं थोडं तेल पेल्यातल्या पाण्यात टाका. मिसळतं की तरंगतं?’

तरंगलं.

ते मी मागचं पत्र लिहायच्या आदल्या दिवशीच बघितलं होतं. पेला रिकामा नव्हता असं लिहिलं, ते खोटं. घरात अकरा पेले आहेत. स्वयंपाकघराच्या खिडकीत पेला ठेवून मी बघत बसले. पिवळा तवंग वर आला आणि वरच राहिला. तुम्ही खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘ब्रेकचं तेल पाण्यात मिसळतं. तरंगलं तर कोणीतरी इंजिनचं तेल घातलंय. त्याने पंपातली रबरं फुगतात.’

ते कोणीतरी म्हणजे मी.

जानेवारीत डबीतली पातळी रेघेच्या खाली गेलेली दिसली. इंजिनचं तेल बदललं तेव्हा डब्याच्या तळाशी चांगलं, न वापरलेलं तेल उरलं होतं. ते ओतलं. तेल आहे, स्वच्छ आहे, वाया कशाला घालवायचं? तुमच्या वहिनीला तुम्ही ओळखता. मी साबणाचे उरलेले तुकडे जोडून नवी वडी करते.

एवढंच असतं तर मी त्याच दिवशी लिहिलं असतं, हसून लिहिलं असतं. पण तो तवंग बघता बघता मला आठवलं, ती सवय जानेवारीची नाही. मी उठून कपाटातून सहा वर्षांपूर्वीची वही काढली. तुम्ही ब्रेकचं सगळं काम करून दिलंत, तो सोमवार. जाताना यांना सांगितलंत, "दोन दिवसांनी डबीतली पातळी बघ." यांनी मला सांगितलं, "तू बघ." बुधवारी माझ्या अक्षरात आहे:

‘गाडीच्या डबीत तेल घातले, उरलेले, दोन बोटे. नवीन आणावे लागले नाही.’

आणि पुढल्या मंगळवारी उतारावर मागची चाकं जाम झाली. काचांचा अख्खा गठ्ठा घसरला आणि तो धरायला गेलेल्या यांच्या अंगठ्याची शीर तुटली.

ती वही सहा वर्षं माझ्याच कपाटात होती. रोज दिवा लावताना मी देवाला विचारत होते, या दोन भावांचं असं का केलंस? देवाने काय सांगायचं!

तुमच्या गॅरेजात, तुमच्या गिऱ्हाइकांसमोर हे काय बोलले ते तुम्ही विसरला नसाल. "तुझ्या हाताला धड काम येत नाही. माझ्या गाडीला पुन्हा शिवायचं नाही." मीही होते तिथे. मी म्हटलं होतं, "भाऊजी, लक्ष कुठे होतं तुमचं?" तुम्ही नुसतं स्वतःच्या हातांकडे बघितलंत. ते मला या दोन आठवड्यांत उठता बसता दिसतंय.

तुमचं काम चोख होतं, भाऊजी. रबरं मी फुगवली.

यांना सांगायला मला दहा दिवस लागले. रोज सकाळी ठरवायचं, आज सांगायचं, आणि रोज चहा पुढे ठेवून परत फिरायचं. पेला मात्र तसाच झाकून ठेवला होता. शेवटी परवा दुकानात हे काच कापत होते, तिथे पेला आणि वही दोन्ही समोर ठेवली.

"हे काय?"

"पेला."

"ते दिसतंय मला."

मग सांगितलं. सगळं. यांनी हिरा खाली ठेवला, चष्मा लावला आणि वहीतली ओळ मोठ्याने वाचली, "उरलेले, दोन बोटे." मला वाटलं, आता वही भिरकावतील. भिरकावली असती तर बरं झालं असतं. अंगठ्याकडे बघितलं. मग विचारलं, "त्या दिवशी मी त्याला काय काय बोललो, तेही लिहून ठेवलंस का?"

"नाही."

"तेवढं एक चांगलं केलंस."

एवढं बोलून अंगणात गेले. ‘होऊन जाईल’ पंप उतरवायला आला होता. त्याला म्हणाले, "तू जा. याला हात लावायचा नाही." तो बिचारा मला विचारतो, "वहिनी, माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, या घरात ज्याचं चुकत नाही त्यालाच आधी घालवतात." हे ऐकत होते.

नंतर गाडीच्या मागच्या चाकांना विटा लावल्या. रबरांचा नवा संच आणलाय, ब्रेकच्या तेलाची सीलबंद बाटली आणलीय. तुमचा जुना पान्यांचा डबा माळ्यावर होता, तो यांनी स्वतः काढून, पुसून गाडीत ठेवला. माल सध्या भाड्याच्या टेम्पोतून जातो. रोजचं भाडं ऐकून मला रात्री झोप लागत नाही, पण मी तोंडातून शब्द काढलेला नाही. कधीपर्यंत, असं विचारलं, तर म्हणाले, "तो येईपर्यंत." आणि नाही आला तर? "तर उभी राहील."

मी म्हटलं, मग तुम्ही लिहा दोन ओळी, मी पाकीट उघडं ठेवते. कागद घेऊन बसले. तासाभराने बघितलं, तर ‘मी’ एवढंच लिहिलं होतं. तो कागद सोबत घातला आहे. पुढचं समोरासमोर जमलं तर बघा. नाही जमलं, तरी मी तुम्हाला दोष देणार नाही. एकदा दिला तो पुरे.

डबीच्या झाकणावर मी कागद चिकटवला आहे: ‘भाऊजींना विचारल्याशिवाय काही ओतू नये.’

दरवेळी शेवटी आशीर्वाद लिहिते. आज मोठेपणाने काही द्यायला हात धजत नाही. तुम्हीच काय ते द्या.

तेल ओतणारी,
तुमची वहिनी