तळघरातली ओलसर वाळू

तीर्थस्वरूप मामी,

पायांवर डोकं ठेवतो. गुडघे कसे आहेत? लेकीकडे आराम करता, की तिथेही सगळ्यांना कामाला लावलंत? इकडे आम्ही ठीक. म्हणजे जेवतो, झोपतो, फक्त तळघरात एकटं कोणी उतरत नाही.

मामा गेल्यापासून औषधी मुळ्यांचा साठा मीच बघतो. त्यांची पद्धत तुम्हाला पाठ आहे: ताजी मुळी धुवायची नाही, अंगावरच्या मातीसकट पेटीत निजवायची, एकीचा दुसरीला स्पर्श नको, वर ओलसर वाळू, आणि तळव्याने दोन हलक्या थापा, एक जोराची. (अंगाई तेवढी म्हणायची राहायची.) यंदा मला अक्कल सुचली. औषधांच्या कारखान्याचा खरेदीदार टापटिपीचा, म्हणून सगळा माल धुऊन काढला. मुळ्या चकाचक दिसल्या आणि आठवड्यात बुळबुळीत झाल्या. हा माल परत आला तर दुकानाला कुलूप लागेल.

आता पुढचं बसून वाचा. चार दिवसांपूर्वी दुपारी जेवणं उरकून सगळे आडवे झाले, तोच खालून आवाज आला. दोन हलक्या, एक जोराची. माझे कान तिखट, तुम्ही जाणताच (तुमच्याकडे आश्रयाला होतो तेव्हा लाडवांचा डबा कुठे उघडला ते अंगणातून ओळखायचो). बायको म्हणाली, उंदीर असेल. मी म्हटलं, उंदराला एवढी शिस्त नसते. उतरून पाहिलं तर एका पेटीतल्या कुजक्या मुळ्या बाहेर काढलेल्या, बऱ्या तेवढ्या कोरड्या करून पुन्हा निजवलेल्या. वाळूही बदललेली, मूठ वळेल पण पाणी सुटणार नाही अशी. आणि किल्ली माझ्या कमरेला! तेव्हापासून रोज एक पेटी. हमाल शपथेवर नाही म्हणतात, आणि इतकं नीट काम ते शपथ घालूनही करणार नाहीत.

काल धीर करून जिन्यावरून विचारलं, "मामा, चहा पाठवू?"

थापा थांबल्या. अंधारात कोणीतरी घसा खाकरला. "आधी हात पूस."

माझे हात खरंच ओले होते.

तुमचा,
भाचा

ता. क. : पत्राचं खरं कारण. मामांनी आयुष्यभर तुमच्याशिवाय कुणाचं ऐकलं नाही. एकदा येऊन जिन्यावरून "आता पुरे" एवढं म्हणाल का? "वर या" मात्र म्हणू नका.

पुन्हा ता. क. : तशी घाई नाही. धुतलेल्या मालाच्या बऱ्याच पेट्या अजून व्हायच्या आहेत.

शेवटचा ता. क. : मामी, लगेच निघा. पाकीट आणायला उठलो होतो. परत येऊन बघतो तर पत्राच्या या वरच्या ओळीवर ओलसर वाळू पसरलेली. नीट थापून.