मशीनवर गोडं पाणी

बाबा, तुला वाचता येत नव्हतं म्हणून बिनधास्त लिहिते. वाचणाऱ्याला लिहायचं म्हणजे तो आधी चुका काढणार. मी चौथीपर्यंत गेले, तेवढ्यात बाईंनी छड्या मारून 'नाय'चं 'नाही' करून घेतलं, त्यामुळे माझ्या हाताला शाळेची भाषा लागली आणि तोंडाला घरची राहिली. तू गेलास तेव्हा माझ्या लेकाला दात येत होते. आता त्याला मिशा आहेत, तो गुजरातेत एका बंदरावर कामाला आहे आणि रविवारी फोन करून मला अक्कल शिकवतो.

सांगायचं आहे ते गाडीचं. माझ्याकडे गाडी आहे हे तुला कुठलं माहीत असणार. व्हॅन आहे, जुनी, पांढरी होती, आता तिला कुठला रंग म्हणायचा ते तूच ठरवलं असतंस. तुझ्या जावयाने घेतली होती. पहाटे उरणच्या बंदरावर मासळी उचलायची, सुकापूर आणि नवीन पनवेलच्या बिल्डिंगींच्या गेटासमोर उभी करून विकायची, हा त्याचा धंदा. तो गेला, गाडी राहिली. दिवसकार्याला आलेले सगळे म्हणाले, विकून टाक. मी म्हटलं, मग मी काय करू, खिडकीत बसू? ड्रायव्हिंग शिकायला गेले. शिकवणारा माणूस म्हणतो, "मावशी, क्लच हळू सोडा, बकरी उधळल्यासारखी गाडी उधळते." मी म्हटलं, "तू तुझ्या पायाखालचा ब्रेक सांभाळ, बकरीचं मी बघते." पहिल्यांदा गाडी घेऊन बंदरावर उतरले तेव्हा तिथल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. दुसऱ्या दिवशी त्याच बाया आपल्या पाट्या घेऊन माझ्या गाडीत बसल्या.

आता सेल्फ म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुला पुढचं कळायचं नाही. तू मासेमारीच्या मचव्याच्या मशीनला हँडल मारायचास, आठवतं? मी धक्क्यावर उभी राहून ओरडायची, "बाबा, हँडल मार!" आणि तू कमरेत वाकून ते लोखंडी हँडल गरगर फिरवायचास, मशीन दोनदा खोकायचं आणि मग धडधड लागायचं. मला वाटायचं माझ्या ओरडण्याने लागतं. गाडीला ते हँडल नसतं. चावी फिरवली की आत एक बारकी मोटर असते, ती इंजिनला पहिला फेरा देते. कागदावर तिला स्टार्टर म्हणतात, गॅरेजात सगळे सेल्फ म्हणतात. तो सेल्फ गेला की गाडी म्हणजे नुसती लोखंडी पेटी.

तुझ्या जावयाच्या हातात जुना सेल्फ किती वर्षं चालला. माझ्या हातात आला आणि बसला. नवीन घातला. पैसे गेले, जाऊ दे म्हटलं, आता काही वर्षं बघायला नको. तो वर्षभरही टिकला नाही. एका पहाटे चावी फिरवली तर नुसतं टक्. परत फिरवली, टक्. बंदरावर लिलाव सुरू झालेला, आणि मी सुकापुरात, आमच्या बिल्डिंगीखाली, अंधारात बसून टक् टक् ऐकते आहे. मग धक्का मागायचा. बाबा, मला मागता येत नाही, तुझ्यावर गेले. वॉचमनला उठवायचं, दूधवाल्याला थांबवायचं. ऑफिसला निघालेले साहेबलोक चांगले असतात, येतात, पण मासळीची गाडी म्हणून एक हात नाकाच्या रुमालाला आणि एकच हात गाडीला. एका हाताने काय धक्का लागणार? मी आतून ओरडते, "दोन हात लावा ओ, मेलेले मासे चावत नाय!" ते हसतात, गाडी सुटते, आणि मासळीचा भाव सोडून त्या दिवशी माझ्याशी तेवढंच कोणी बोललेलं असतं.

दुसरा सेल्फ घातला, तो त्याच्या निम्माही चालला नाही. सेल्फ-डायनमोवाल्याचं दुकान जुन्या पनवेलला आहे. तो तिथलाच, मुसलमान, माझ्याच वयाचा, दाढी अर्धी पिकलेली. मी त्याला म्हटलं, "गॅरंटी दे." म्हणाला, "मावशी, इलेक्ट्रिकच्या मालाला गॅरंटी नसते." मी म्हटलं, "बल्बला असते, पंख्याला असते, तुझ्याच मालाला काय धाड भरली?" दुकानासमोर एक बाक आहे, त्यावर गाडीवाले बसून असतात. सगळे रागावलेले. एकाची गाडी तर नवी कोरी, कंपनीच्या शोरूमने सेल्फ बदलायचे इतके सांगितले की तो तिथून पळून इकडे आलेला. एक खांदा कॉलनीचा, गळ्यात ऑफिसचा पट्टा, मला विचारतो, "ताई, तुमचा कितवा?" मी म्हटलं, "तिसरा. तुमचा?" "दुसरा." पलीकडचा म्हातारा म्हणाला, "काय बाळंतपणं मोजताय काय रे?" सगळा बाक हसला. मी पण हसले. मग प्रत्येकाच्या आपापल्या मेकॅनिकला शिव्या देऊन झाल्या, चहा आला, तो त्या पट्टेवाल्याने पाजला. खरं सांगू, घरी परत जावंसं वाटेना. घरात चार भांडी आणि एक टीव्ही. बाकावर निदान सगळ्यांचं दुखणं एकच होतं.

पण लेकाने फोनवर निकाल लावला. गाडीचे कागद त्याच्या नावावर आहेत. म्हणाला, "आई, बस झालं. मासळीत कमावतेस आणि सेल्फात घालतेस. आता ह्या वेळी गेला तर मी येतो आणि गाडी विकून टाकतो." मी म्हटलं, "आणि मी काय करू?" म्हणाला, "आराम कर." आराम! तू सत्तरीत जाळी विणत बसायचास, तुला कोणी आराम सांगितला असता तर त्याच्या डोक्यात पाटी घातली असतीस. गाडी गेली की बंदर गेलं. बंदर गेलं की पहाट गेली, त्या बाया गेल्या, गेटावर "मावशी, जिताडा आणला काय?" म्हणणाऱ्या गेल्या. मग उरतं सुकापूर, खिडकी आणि रविवारचा फोन.

आणि तिसराही गेला. सणाच्या तोंडावर, गाडीत बर्फ-मासळी भरलेली असताना. धक्क्याने सुरू केली, बंद न करता तशीच जुन्या पनवेलला नेली आणि दुकानासमोर हॉर्न वाजवत बसले. तो बाहेर आला. मी म्हटलं, "माझ्या घरात माणूस नाय म्हणून मला खोटा माल घालतोस? बाई म्हणून फसवतोस?" तो चिडला नाही. म्हणाला, "मावशी, खाली उतरा. बसा इथं. तुमच्यासमोर खोलतो. माल खराब निघाला तर एक पैसा घेणार नाही, अल्लाची शपथ." मासळी बाकाखाली सावलीला उतरवली आणि मी बसले.

आता मधेच तुझी एक गोष्ट, ती सांगितल्याशिवाय पुढची कळणार नाही. मचवा खाडीला लागला की मशीनवर गोडं पाणी ओतायचं काम माझं. तू तेलाचा डबा कापून, त्याला नळी डकवून मला झारी करून दिली होतीस. ती मी लग्नात बरोबर आणली, सासूने विचारलं हा कसला अहेर. एकदा आळीत हळद होती, मी पाणी न ओतताच नाचायला पळाले. तू हळदीच्या मांडवात आलास, माझं मनगट धरलंस, तसंच बंदरावर नेलंस. मला वाटलं मारणार. मारलं नाहीस. माझं बोट धरून मशीनवर फिरवलंस आणि ते माझ्याच जिभेला लावलंस. खारट, कडू. "चव कलली?" तू म्हणालास. "ह्यो खारा रातभर मशीनला खानार. आनि आपून काय खानार?" नंतर मी कधी चुकले नाही. गाडी माझ्या हातात आली त्या दिवसापासून रोज संध्याकाळी घरी आले की पुढची सीट उचलते, व्हॅनचं इंजिन सीटखाली असतं, आणि तुझ्या झारीने त्याच्यावर गोडं पाणी ओतते. सुकापुरात पाणी टँकरचं, सोसायटीचा सेक्रेटरी माझ्या बादलीकडे बघून दात खातो. मी माझ्या अंघोळीचं वाचवते, पण मशीनला पाजते. आणि ओतताना तुझ्याशी बोलते. आज कोलंबीला काय भाव होता, कोण किती घासाघीस करत होती. वरच्या मजल्यावरची म्हणते, मावशी गाडीशी बोलतात. बोलू दे.

तर त्याने सेल्फ काढला, पान्याने खोलला आणि उलटा केला. आतून पाणी आलं. तांबडं, गंजाचं, ठिबक ठिबक. तांब्याची तार काळी पडलेली. सगळा बाक उठून बघायला आला. तो म्हणाला, "हे बघा. गाडी समंदरात घातली होती काय, मावशी? मासळीचं पाणी आहे हे, मिठाचं. बर्फ वितळतो, फळीतून खाली उतरतो. माझ्या मालाचा काय कसूर?"

मी बोट घातलं त्या तांबड्या पाण्यात आणि जिभेला लावलं. पट्टेवाला ओरडला, "अहो ताई, काय करताय!" लोखंडाची चव होती, ग्रीसची होती. मीठ नव्हतं, बाबा. परत बोट घातलं. नव्हतंच.

"खारट नाय," मी म्हटलं. "हे मासळीचं नाय. माझं पाणी हाय."

"तुमचं म्हणजे?"

"रोज ओतते. मशीनवर. गोडं."

त्याने पाना खाली ठेवला. "इंजिनवर? रोज? कुणी सांगितलं तुम्हाला?"

माझं डोकं सणकलं. म्हटलं, "माझ्या बाबाने सांगितलं. समुद्रावर उभं आयुष्य काढलं त्याने, एक मशीन सडू दिलं नाय. त्याला काय बोलायचं नाय." बाकावरचा म्हातारा हसायला लागला होता, तो थांबला. सेल्फवाल्याने हात फडक्याला पुसले. मग हळूच विचारलं, "त्यांच्या मशीनला सेल्फ होता?"

"नाय. हँडल होतं."

"मग त्यांचं बरोबर होतं, मावशी," तो म्हणाला. "त्यांच्या मशीनला तेच पाहिजे होतं. ह्याला नको."

त्या दिवशी मी घासाघीस केली नाही. त्याने मागितले तेवढे दिले. त्यानेच मागताना कमी मागितले असतील, मी विचारलं नाही. बर्फ वितळून गेलेला, निम्मी मासळी मऊ पडलेली. ती बाकावरच्यांना वाटून टाकली. पट्टेवाल्याने मांदेली नेली. रुमाल नाकाला न लावता नेली, हे सांगायला पाहिजे.

त्याला आता बराच काळ झाला. सेल्फ धड आहे. लेक गाडी विकायचं नाव काढत नाही, उलट विचारतो, असं काय केलंस? मी म्हणते, चांगला घातला. मागची फळी फडक्याने पुसते, पुढची सीट उचलत नाही. तुझी झारी न्हाणीत उलटी टांगली आहे. सेक्रेटरी खूश आहे.

पण संध्याकाळी वेळ उरतो. तुझ्याशी बोलायची ती वेळ होती. नुसतं बसून बोलायला मला येत नाही, हाताला काहीतरी लागतं. एक दिवस रिकामी झारी घेऊन गाडीपाशी गेले, तर वरचीने खिडकीतून विचारलं, "मावशी, पाणी गेलं काय?" परत आले. धक्का मागायचा प्रश्न उरला नाही, म्हणून दूधवालाही हात करून निघून जातो. मधे जुन्या पनवेलला गेले होते तेव्हा त्या बाकावर नवेच लोक बसलेले. मी थांबले नाही, माझं काही बिघडलेलं नव्हतं ना. म्हणून शेवटी पेन घेतलं, लेकाच्या शाळेच्या वहीचा कागद फाडला. पाठवायचा कुठे? गाडीच्या खणात ठेवते, पीयूसीच्या कागदाखाली. हवालदाराने तपासायला मागितला तर वाचेल, वाचू दे.

अजून एक आहे, ते कोणाला सांगितलेलं नाही. पहाटे गाडीत बसले की मी चावी आधी अर्धीच फिरवते. अर्ध्या चावीत काही होत नाही, नुसता दिवा लागतो. खिडकीची काच वर आहे ना बघते, आणि म्हणते, "बाबा, हँडल मार." मग पुरती फिरवते.