तुझी पेटी आणि माझी चहाची टाकी

तुझ्या त्या पेटीला आधी डोळे बसव आणि मग ती लोकांच्या गाडीत बसव, एवढं सांगायला लिहायला घेतलं आणि आशीर्वाद द्यायचा राहिलाच. तर घे, चिरंजीव धाकट्यास ताईचा आशीर्वाद. तुझी पाठ कशी आहे, भावजयीचा खोकला गेला का, ते कळव. (तिला म्हणावं, औषध अर्धवट सोडू नकोस. तिची ती सवय मला ठाऊक आहे.) आम्ही इकडे जिवंत आहोत. हे उगाच म्हणत नाही, मंगळवारी दुपारी ते नक्की नव्हतं. आणि जीव वाचला तर आता तुझ्या दाजींची गाडी जायची वेळ आलीय.

तुला माहीतच आहे, मी खाणीवरच्या खानावळीत स्वयंपाक करते आणि दाजी ती बुटकी गाडी चालवतात, माणसं आणि सामान घेऊन जमिनीखाली जाणारी. दुपारचं जेवण मी त्याच गाडीतून खाली नेते. पूर्वी भिंतीवर मोठे आकडे रंगवलेले असत, ते वाचत जायचं. आता दगड सुटू नयेत म्हणून सगळीकडे सिमेंट फवारलं, आकडे त्याखाली गेले, त्यात रोज नवे बोगदे फुटतायत. म्हणून साहेबांनी गाडीत तुझी वाट सांगणारी पेटी बसवली. तू गेल्या खेपेला आमच्या पलंगावर लोळत समजावलं होतंस, की खाली आभाळच नाही, तर आभाळातले उपग्रह वाट सांगणार कशी. म्हणून पेटी आपली आपणच ध्यानात ठेवते, किती पुढे गेलो, कुठे वळलो. माणूस अंधारात उठून पाणी प्यायला जातो तसं. तेव्हा मी मान डोलावली. आता म्हणते, पाणी प्यायला जाताना माझी करंगळी पलंगाच्या पायाला आपटतेच की.

मंगळवारची सुरुवातच रडतखडत. बोगद्याच्या तोंडाशी ही पेटी आधी गाडी उभी करायला लावते. लाल दिवा लावून बसते, म्हणे दिशा धरतेय. तो हिरवा होईस्तोवर दाजी स्टिअरिंगवर हात ठेवून समाधी लावल्यासारखे गप्प. अरे, खाली माणसं पहाटेपासून दगड फोडतायत, इकडे जेवण निवतंय, आणि गाडी ध्यानाला बसलीय. मी काही रिकामी बसणारी नव्हे. तेवढ्यात राहिलेले डबे मागे चढवले, चहाची टाकी जागेवर बसेना तिला दोन लाथा घालून बसवली, दार लागेना ते चारदा आपटलं, मग उतरून पुन्हा चढले कारण ओगराळं खालीच राहिलं होतं. दाजी म्हणाले, "अगं, जरा स्वस्थ बसशील का?" हे ते लग्नापासून म्हणतायत, म्हणून लक्ष दिलं नाही.

खाली सुरुंगाची धूळ अजून बसली नव्हती. दिव्यापुढे हातभर दिसेना, आणि साहेबांचा हुकूम की पेटी सांगेल तसंच जायचं. पेटीतली बाई गोड आवाजात डावीकडे वळा, उजवीकडे वळा सांगत होती. (ही बाई कोण, ते भावजयीला ठाऊक आहे ना?) वाट अरुंद होत गेली. टपाला दगड घासला, भिंतीवरचे दिवे संपले, मग हवेचा पाइपही संपला. मी म्हटलं, ही आपली वाट नव्हे. दाजी म्हणाले, पेटी म्हणतेय. म्हणजे घरची बाई इतकी वर्षं ओरडतेय ती खोटी, आणि पेटीतली बोलली की खरी. ती म्हणाली, अजून थोडं सरळ. आम्ही गेलो सरळ. मग धूळ विरळ झाली आणि दाजींनी करकचून ब्रेक दाबला. उजेड पुढे गेला तो कुठे टेकलाच नाही. जमीनच संपली होती. फोडलेला दगड खालच्या थरात लोटायचं जुनं भगदाड, त्यापुढची साखळी गंजून पडलेली. चाकाखालचा एक खडा घरंगळला. तो पडल्याचा आवाज येईल म्हणून दोघं कान देऊन बसलो, आणि तो आलाच नाही. तेवढ्यात ती बाई म्हणाली, आपण जेवणाच्या जागी पोहोचला आहात.

वळायला जागा नाही, वायरलेस नुसता खरखरतोय, हवा खेळत नाही म्हणून इंजिनाचा धूर तिथेच कोंडतोय. आणि येताना फाटे लागले होते, त्यातल्या कुठल्या बोगद्यातून आलो हे दोघांनाही सांगता येईना. मी खाली उतरले तर पाय ओल्यात. टाकीची तोटी ढिली झाली होती (कशाने कोण जाणे) आणि आलो त्या वाटेने कोरड्या धुळीत चहाची काळी रेघ पडली होती. मग मी टॉर्च घेऊन, वाकून, त्या रेघेवरून चालले आणि दाजी माझ्या टॉर्चवर नजर ठेवून गाडी उलटी आणत राहिले. फाटा आला की रेघ शोधायची आणि ओरडायचं, इकडे. छातीत धूर, डोळ्यांतून पाणी, पाठीशी गाडी. मोठ्या बोगद्याचा वारा तोंडाला लागला तेव्हा मी चिखलातच बसले. माणसांना जेवण मिळालं, चहा नाही मिळाला, आणि त्यावरून बोलणी मलाच.

आता दाजींना गाडीवरून उतरवलंय. सोमवारी साहेब ठरवणार. दोष त्यांचा ठरला तर गाडी कायमची गेली. सध्या वरती फावडं मारतात, घरी येऊन मान खाली घालून जेवतात, आणि गाडीची किल्ली अजून खिशात असल्यासारखा खिसा चाचपतात. ते मला बघवत नाही. बाकी ठीक.

तुझी,
ताई

ता. क. खरं काम राहिलंच. साहेबांना लिही की पेटीच सदोष आहे. तू ती बनवणाऱ्यांतला, तुझं ऐकतील. तुला वरून बोलणी बसतील, पण तुझी कातडी लहानपणापासून जाड आहे.

आणखी ता. क. दाजींना पत्र वाचून दाखवलं. म्हणतात पाठवू नकोस, पेटीत खोट नाही. त्यांनी साहेबांना आधीच सांगून टाकलंय की माझीच घाई झाली, दिवा हिरवा होईस्तोवर गाडी नीट उभी ठेवली नाही. धाकट्या, तुझे दाजी आणि घाई? हा माणूस बूट घालायला बसला की माझ्या दोन भाज्या चिरून होतात. मग खोटं का सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणे, तू स्वस्थ झोप.

शेवटचं. झोप काही लागली नाही, म्हणून उगाच आपलं विचारते. तो लाल दिवा असताना कोणी डबे चढवले, किंवा टाकीला लाथ, म्हणजे पाय लागला, तर पेटीची दिशा चुकते का? चुकत नसेल तर साहेबांना लिही. चुकत असेल तर मला लिही, दाजींना नको, म्हणजे सोमवारी साहेबांपुढे कोणी उभं राहायचं ते मला ठरवता येईल. दोन ओळी पुरेत. पण उत्तर शनिवारी माझ्या हातात पाहिजे.